आधी मोजणी, मागाहून फवारणी

लांजा तालुक्यातील बहुतेक प्राथमिक शाळांच्या अंगणापासून भाताची खाचरे, काजूची झाडे किंवा आंब्याची कलमे फार दूर नसतात. पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून हिरवे शेत दिसते. हिवाळ्यात वाऱ्यावर मोहोराचा गंध येतो, आणि पुष्कळदा त्या गंधात फवाऱ्याचा उग्र दर्पही मिसळलेला असतो. हा दर्प कसला, असे विचारल्यास मूल सहज उत्तर देते, "कलमांवर औषध मारतायत." उत्तर साधे आहे, परंतु शिक्षकाने त्यावर क्षणभर थांबावे असे आहे. औषध हे रोग्यास जगविण्यासाठी असते. फवाऱ्यातील द्रव जीव मारण्यासाठीच तयार केलेला असतो. ज्या वस्तूस घरी, शेतात आणि दुकानात सारेजण 'औषध' म्हणतात, तिला हात लावू नये, तिच्या डब्यातून पाणी पिऊ नये, हे मुलास आपोआप कसे कळावे?

कीटकनाशके मुळीच वापरू नयेत, असा प्रचार करणे हे शाळेचे काम नव्हे. शेतीचे निर्णय शेतकऱ्याचे असतात आणि नुकसानही त्यालाच सोसावे लागते. शाळेचे काम निराळे आहे. डोळ्यांनी पाहणे, मोजणे, नोंद करणे व त्या नोंदीवरून निर्णय करणे ही सवय मुलांना लावणे हे ते काम होय. एकात्मिक कीडनियंत्रण या नावाने जी पद्धती आज कृषिशास्त्रात मान्य झाली आहे, तिचा पायाही हाच आहे. म्हणून हा विषय परिसर अभ्यासाचा आहे, गणिताचा आहे आणि आरोग्याचाही आहे.

१. विषाची पूर्वपीठिका

पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली डी. डी. टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधून काढला. त्याबद्दल १९४८ साली त्यास वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाचे डास मारण्यासाठी या द्रव्याचा फार मोठा उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे डासांना मारते ते शेतातल्या किडीलाही मारील, या विचाराने अशी द्रव्ये शेतोशेती पोहोचली. आणि त्यांच्याबरोबर ती हाताळण्याचे ज्ञान मात्र तितक्या वेगाने पोहोचले नाही.

त्याचे परिणाम आपल्या देशाने भोगले आहेत. १९५८ साली केरळात, जहाजातून येताना फॉलिडॉल या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेनंतर झालेल्या विचारातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच राज्यातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर, काजूवरील ढेकण्या या किडीसाठी, सुमारे दोन दशके विमानातून एंडोसल्फान फवारले जात होते. ही फवारणी २००० साली थांबली. तोवर आसपासच्या वस्त्यांत व्यंग घेऊन जन्मलेली मुले आणि नाना व्याधींनी जर्जर झालेली माणसे यांची व्यथा सर्व देशापुढे आली होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या द्रव्यावर देशभर बंदी घातली. लांजा हाही काजूचा तालुका आहे आणि ढेकण्या इथल्या काजूवरही येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कासरगोड फार दूरचे वाटत नाही.

आपल्याच राज्यात २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतके वाढलेले पीक, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, आणि निरनिराळी द्रव्ये एकत्र मिसळण्याची प्रथा, अशा परिस्थितीत ती फवारणी चालली होती.

शिक्षकांच्या अंतःकरणास सर्वांत जवळची घटना मात्र बिहारमधील आहे. सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील मध्यान्ह भोजन घेतल्यानंतर २३ बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ती मुले शेतात गेली नव्हती, त्यांनी फवारा हाती धरला नव्हता. ती शाळेत जेवावयास बसली होती. 'औषध' या एका शब्दाने विषाविषयीचे भय किती बोथट होते, हे समजण्यास याहून अधिक पुराव्याची गरज नाही.

२. अधिक फवारणीने कीड का वाढते?

फवारणी केली की कीड मरते, हे शेतकरी प्रत्यक्ष पाहतो. काही दिवसांनी तीच कीड अधिक जोमाने परत येते, हेही तो पाहतो. पण त्याचे कारण त्यास दिसत नाही. हे कारण मुलांना पुढील तीन मुद्द्यांनी समजावून देता येते.

पहिला मुद्दा असा की, हजार किडींवर विष पडले तर सर्वच मरत नाहीत. ज्या थोड्या जात्याच चिवट असतात त्या वाचतात, आणि पुढची पिढी त्यांचीच निपजते. दरवर्षी तेच विष वापरीत गेल्यास काही काळाने ते निष्प्रभ ठरते.

दुसरा मुद्दा असा की, विषाला शत्रू व मित्र यांतील भेद कळत नाही. भाताच्या चुडाच्या बुडाशी राहणारे कोळी, खाचरावर भिरभिरणारे चतुर, माव्यावर ताव मारणारे ढालकिडे, हे सारे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार होत. कीड पुष्कळ अंडी घालते आणि लवकर वाढते. तिला खाणारे जीव तितक्या लवकर वाढत नाहीत. म्हणून फवारणीनंतर आधी सावरते ती कीड, आणि तिला अडविणारे कोणी उरत नाही.

तिसरा मुद्दा असा की, पूर्वी जी कीड नगण्य होती तीही, तिचे भक्षक नाहीसे झाल्यामुळे, उपद्रवी होऊन बसते.

इंडोनेशियाचे उदाहरण यादृष्टीने बोधप्रद आहे. तेथे भातावर सवलतीच्या दराने कीटकनाशके पुरविली जात असता तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला. या तुडतुड्याची अंडी भाताच्या खोडाच्या आवरणात सुरक्षित राहतात. फवारणीने वरचे कोळी मात्र मरतात. १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांचा वापर बंद केला आणि १९८९ पासून शेतकऱ्यांसाठी शेताच्या बांधावरच शाळा भरविण्यास प्रारंभ केला. कीटकनाशकांचा वापर पुष्कळ उतरला. भाताचे उत्पन्न घटले नाही. त्या शाळांत शेतकरी दर आठवड्यास चूड तपासत, दिसलेल्या किडी व त्यांचे शत्रू यांची चित्रे काढत आणि मग काय करावे ते ठरवत. आज आपल्याकडे 'शेतीशाळा' या नावाने जे कार्य चालते, त्याचे मूळ येथे आहे.

३. एकात्मिक कीडनियंत्रण म्हणजे काय?

१९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक मूलगामी विचार मांडला. शेतात कीड दिसणे आणि किडीने नुकसान होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. किडीची संख्या एका ठराविक मर्यादेच्या खाली असेल, तर तिने केलेले नुकसान हे फवारणीच्या खर्चाहून कमी असते. तेव्हा फवारणी करणे हाच तोटा. या मर्यादेस आर्थिक नुकसानीची पातळी असे म्हणतात. ती गाठली जाण्याची चिन्हे मोजणीत दिसू लागली, म्हणजे मगच उपाय योजावयाचा.

त्या उपायांचाही क्रम आहे. प्रथम मशागतीचे उपाय, म्हणजे वेळेवर पेरणी, स्वच्छता, खताचे योग्य प्रमाण व धसकटांचा नाश. मग हाताने वा साधनाने करावयाचे उपाय: सापळे, अंडीपुंज वेचणे, कीड लागलेली फळे गोळा करणे. तिसरे जैविक उपाय, म्हणजे मित्रकीटक, पक्षी व बुरशी यांचे साहाय्य. या तिन्हींनी भागले नाही तरच रासायनिक कीटकनाशक. तेही त्या किडीस लागू पडणारे, नेमक्या मात्रेत आणि आवश्यक तेवढ्याच भागावर.

मित्रजीवांचे साहाय्य घेण्याची कल्पना नवी नाही. चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी संत्रावर्गीय फळांच्या बागांत तांबड्या मुंग्यांची घरटी विकत आणून झाडांवर टांगत, असा लेखी उल्लेख मिळतो. आपल्या काजूवर व आंब्यावर पाने शिवून घरटी बांधणारी ओंबील त्याच कुळातील मुंगी होय. ती चावते म्हणून लोक तिची घरटी जाळतात. पण काजूवरील ढेकण्याचा ती चांगला बंदोबस्त करते.

४. लांज्याच्या पिकांतील उदाहरणे

भात. भातावरील प्रमुख शत्रू खोडकिडा. त्याची अळी खोडात शिरून आतला गाभा खाते. फुटव्यांच्या अवस्थेत असे झाले तर मधला पोंगा सुकतो. तो बोटांनी हलके ओढल्यास सहज निघून हाती येतो. लोंबी बाहेर पडताना झाले तर दाणा न भरता लोंबी पांढरी राहते. या किडीचे अंडीपुंज तरव्याच्या पात्यांच्या शेंड्यांवर असतात. म्हणून लावणीपूर्वी शेंडे खुडून ते नष्ट करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. कापणीनंतर अळ्या धसकटांत दडून राहतात. म्हणून जमिनीलगत कापणी करावी आणि नांगरट करून धसकटे नष्ट करावी. जमिनीलगत कापणीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा उपयोगी पडतो. ट्रायकोग्रामा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक गांधीलवर्गीय माशी खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. तिची कार्डे शेतात लावता येतात.

सुरळीतील अळीचा उपाय तर मुलांना पाहताच समजेल. ही अळी भाताच्या पात्याची सुरळी करून तीत राहते. खाचरात पाणी असताना दोघांनी दोराची दोन टोके धरून तो पिकावरून ओढला, की सुरळ्या पाण्यात पडतात. मग पाणी काढून देताना त्या एका बाजूस गोळा करून नष्ट करता येतात.

आंबा. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी आत गर खाते आणि नंतर जमिनीत जाऊन कोषावस्थेत राहते. फळाच्या आत असलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबविली, तिचे कारण मालात आढळलेली फळमाशीच होती. ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरणे, आणि कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला रक्षक सापळा टांगणे, हे येथील उपाय होत. सापळ्यातील मिथिल युजेनॉलच्या गंधाने नरमाश्या आकृष्ट होऊन मरतात. नर उरले नाहीत म्हणजे प्रजा खुंटते. हेच द्रव्य आपल्या अंगणातील तुळशीच्या पानांतही असते, हे मुलांना सांगितल्यास त्यांचे कुतूहल जागे होईल. तुडतुड्यांसाठी फवारणी करावी लागलीच, तर मोहोर पूर्ण फुललेला असताना ती टाळावी. कारण आंब्याचे परागीभवन माश्या व मधमाश्या करतात, आणि त्या मेल्या तर मोहोर असूनही फळ धरत नाही.

नारळ. गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात व कुजलेल्या खोडांत वाढतात. म्हणजे माडावरच्या शत्रूचे मूळ खाली उकिरड्यात असते. खड्डा वेळोवेळी उपसून अळ्या वेचणे, अथवा त्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळणे, हा उपाय माडाच्या शेंड्यावरील फवारणीपेक्षा सोपा आहे.

शाळेची परसबाग. येथे रासायनिक कीटकनाशकाचा थेंबही येऊ नये. कारण येथील भाजी मुलांच्या ताटात जाते. माव्यासाठी साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळी अर्क वापरावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवाव्या, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर पाणी करावे, म्हणजे पाच टक्क्यांचा अर्क होतो. कोकणात कडुनिंब देशावरच्या इतका आढळत नाही. तेव्हा निंबोळ्या हंगामात मिळवून, सुकवून ठेवाव्या लागतील.

५. वर्गातील पाठ : वीस चुडांची मोजणी

हा पाठ चौथी-पाचवीच्या वर्गास श्रावण-भाद्रपदात घेता येतो. शेतमालकाची परवानगी आधी घ्यावी आणि त्या शेतात अलीकडे फवारणी झालेली नाही याची खात्री करून घ्यावी. पायास जखम असलेल्या मुलास चिखलात उतरवू नये. कोकणात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. अशा मुलाकडे बांधावर बसून नोंदवही लिहिण्याचे काम द्यावे.

शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे चालत, सारख्या अंतरावर, एकूण वीस चूड निवडावेत. केवळ बांधाजवळचे चूड पाहून सर्व शेताचा अंदाज का करू नये, हा प्रश्न मुलांना तेथेच विचारावा. प्रत्येक चुडातील एकूण फुटवे, सुकलेले पोंगे, तुडतुडे, कोळी व चतुर यांची संख्या वहीत मांडावी.

समजा, वीस चुडांत मिळून २५० फुटवे भरले आणि त्यांतील १० पोंगे सुकलेले आढळले. शेकडेवारी काढता ती ४ येते. खोडकिड्यासाठी मर्यादा शेकडा ५ सुकलेले पोंगे, अथवा एका चौरस मीटरला एक अंडीपुंज, अशी मानतात. म्हणजे आज फवारणीचे कारण नाही. आठवड्याने पुन्हा मोजावे. पुढील आठवड्यात २५० पैकी १५ पोंगे सुकलेले दिसले, तर प्रमाण शेकडा ६ झाले. आता शेतमालकाने गावच्या कृषी कर्मचाऱ्याचा सल्ला घ्यावा. शेकडेवारीचे गणित पुस्तकात नफातोट्यासाठी येते. येथे ते खऱ्या नफातोट्याशी जोडले जाते.

मुलांनी काढलेला निष्कर्ष शेतमालकास आज्ञेच्या स्वरात सांगू नये. वही त्याच्या हाती द्यावी आणि त्याचे मत विचारावे. पुष्कळदा त्याच्या अनुभवातून अशी एखादी गोष्ट निघेल की जी पुस्तकात नाही. आपल्या वडिलांना शाळेने चुकीचे ठरविले, असे कोणत्याही मुलास वाटता कामा नये.

लांजा तालुक्यात देवधे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांस शाळेत निमंत्रित करून सापळे व मित्रकीटक प्रत्यक्ष दाखविता आल्यास पाठ अधिक परिणामकारक होईल.

६. प्रत्येक मुलास ठाऊक असावे असे काही

(अ) कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. सर्वांत कमी विषारी एवढाच त्याचा अर्थ.

(आ) विषाचा रिकामा डबा हा रिकामा नसतो. तो पाणी, तेल, रॉकेल वा धान्य कशासाठीही वापरू नये. तीन वेळा विसळून, ते पाणी फवाऱ्यातच ओतून, डब्यास भोके पाडावी, म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही. हे काम मोठ्या माणसांचे. मुलांनी करावयाचे नव्हे.

(इ) शाळेच्या स्वयंपाकघरात किंवा कोठीत कीटकनाशक, उंदीर मारण्याचे विष वा त्यांचे जुने डबे यांपैकी काहीही असू नये. तेलाचा डबा बाजारातून आला तसाच सीलबंद यावा. मुख्याध्यापकांनी ही तपासणी दर महिन्यास स्वतः करावी.

(ई) फवारणी चालू असता मुलांनी वाऱ्याच्या दिशेस उभे राहू नये. फवारलेल्या झाडाची फळे, डब्यावरील पत्रकात दिलेला प्रतीक्षाकाल संपेपर्यंत, तोडून खाऊ नयेत.

(उ) फवारणी करणाऱ्यास चक्कर, मळमळ, लाळ गळणे वा दृष्टी अंधूक होणे यांपैकी काही झाले, तर त्यास मोकळ्या हवेत न्यावे, अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डबा किंवा त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. कोणते विष होते हे कळले तर उपचार लवकर होतो.

७. स्वाध्याय

(१) आपल्या घराजवळील एका झाडाचे पंधरा मिनिटे निरीक्षण करून त्यावर दिसलेल्या कीटकांची चित्रे काढा. त्यांपैकी पान खाणारे कोणते व कीटक खाणारे कोणते?
(२) वीस चुडांत ३०० फुटवे आणि १२ सुकलेले पोंगे आढळले. फवारणी करावी काय? कारण द्या.
(३) शेतात मध्यभागी काठ्या रोवून पक्ष्यांना बसण्यास जागा केल्यास काय होते, ते आठवडाभर पाहून लिहा.
(४) घरातील वडील माणसांस विचारा : त्यांच्या लहानपणी कीड आल्यावर काय करीत? मिळालेले उपाय वर्गात वाचून दाखवा.

वर्षभराच्या अखेरीस मुलांस साऱ्या किडींची नावे पाठ नसली तरी चालेल. पण कीड दिसताच धावत जाऊन फवारा आणण्याऐवजी जे मूल आधी वाकून मोजू लागेल, आणि धाकट्या भावाच्या हातातला विषाचा डबा पाहताच "ते औषध नाही, विष आहे" असे सांगून तो काढून घेईल, त्या मुलापुरता हा पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.